पावसाआधी डेकची डागडुजी

भावा, तुझा डेक (घराबाहेरचा फळ्यांचा ओटा) सागवानी आहे हे ठीक, पण घर महाबळेश्वरला आहे. तिथं वर्षाला ५,००० मिलिमीटरच्या वर पाऊस. काय करायचं ते एप्रिलमध्येच उरक. वळवाची एक सर आली की लाकूड पुन्हा ओलं.

आधी फळ्यांमधल्या फटींतला पाला काढ. पाणी तिथंच तुंबतं आणि कूज खालच्या वाशांत शिरते. वरून फळी ठणठणीत दिसते, फसू नकोस. वाशाला स्क्रू ड्रायव्हर टोच, सहज घुसला तर वासा बदल. मग घासून-धुऊन दोन-तीन दिवस वाळू दे. पाण्याचे थेंब टाक: मुरले तर लाकूड तेल मागतंय, मोत्यासारखे थांबले तर यंदा राहू दे.

व्हार्निशच्या नादी लागू नकोस. पापुद्रे सुटतात, पुढच्या वर्षी सगळं खरवडत बसावं लागतं (मी बसलोय). डेकचं तेलच लाव, पातळ, आणि फळ्यांच्या कापलेल्या टोकांना दोनदा. लाकूड तिथूनच जास्त पाणी पितं. तेलात जवसाचं तेल असेल, तर ते लावलेल्या चिंध्या बोळा करून कोपऱ्यात टाकू नकोस, आपोआप पेटतात. बाहेर सुट्या पसरून वाळव.

शेवाळ येणारच. दसऱ्याच्या सुमारास ताठ ब्रशनं काढ. प्रेशर वॉशर (जोराच्या फवाऱ्यानं धुणारं यंत्र) मात्र नको, लाकडाचे तंतू उसवतात.