मुलगा किसुमूला आहे, सुंता करून घेऊ का विचारतोय

प्रश्न : डॉक्टरताई नमस्कार, मी दांडिया बाजारात राहते. माझा मुलगा २६ वर्षांचा आहे, दीड वर्ष झालं केनियात किसुमूला एका गुजराती शेठच्या दुकानात हिशेब बघतो. तिथे सरकारी दवाखान्यात मोठ्या पुरुषांची सुंता फुकट करतात, एचआयव्ही होत नाही म्हणे, त्याच्या बरोबरच्या दोघांनी करून पण घेतली आणि आता हा फोनवर विचारतो की आई मी करून घेऊ का. मला तर धडकीच भरली, आपल्यात कुठे करतात असं? ह्यांना अजून सांगितलं नाहीये. दिवाळीत येणार आहे, सुरतचं एक स्थळ पण आलंय. खरंच याने एचआयव्ही होत नाही का? आणि इतकं चांगलं असेल तर आपल्या सयाजी हॉस्पिटलात सगळ्यांना का नाही करत? मुलीकडच्यांना सांगायचं का?
— एक आई, बडोदा

उत्तर : ताई, आधी एक सांगते, २६ वर्षांच्या मुलाने हे आईला विचारलं, ते पण फोनवर, म्हणजे तुमच्या घरात बोलता येतं. त्याला रागावू नका.

आता मुद्द्याचं. "होत नाही" हे चूक आहे, "कमी होतो" हे बरोबर. आणि हे जिथे सिद्ध झालं त्यातलं एक गाव किसुमूच आहे बरं का. तिथे १८ ते २४ वयाच्या २,७८४ तरुणांवर अभ्यास झाला, तसेच दोन दक्षिण आफ्रिकेत ऑरेंज फार्मला आणि युगांडात राकाईला झाले. बाईकडून पुरुषाला लागण व्हायचा धोका साधारण ६० टक्के कमी झाला. इतका फरक दिसला की केनिया आणि युगांडातले अभ्यास डिसेंबर २००६ मध्ये मधेच थांबवले, कारण तुलनेसाठी ज्यांची सुंता केली नव्हती त्या उरलेल्यांना ताटकळत ठेवणं बरोबर नव्हतं. कारण सरळ आहे, पुढच्या कातडीची आतली बाजू नाजूक असते, विषाणू ज्या पेशींना धरतो त्या तिथे खूप असतात आणि ओल पण राहते. पण ६० टक्के म्हणजे काय ते नीट बघा, सुंता न करता जिथे १०० जणांना लागण झाली असती तिथे करून पण ४० जणांना होणारच, म्हणून कंडोम सुटत नाही.

"आपल्यात नाही करत" म्हणालात ना, किसुमूचे लुओ लोक पण परंपरेने करत नाहीत! २००८ मध्ये कार्यक्रम आला तेव्हा त्यांच्यातल्या वडीलधाऱ्यांनी विरोध केला होता, आमची ओळख पुसायला निघालेत का म्हणून, मग बोलणी झाली आणि हे धर्माचं किंवा जातीचं नाही, ज्याला हवं त्याने दवाखान्यात करून घ्यायचं ऑपरेशन आहे असं ठरलं. तेच तुमच्या मुलाला लागू आहे. कातडी काढल्याने कोणी धर्म बदलत नाही.

सयाजीत का नाही, तर जागतिक आरोग्य संघटनेने २००७ मध्ये हा सल्ला दिला तो जिथे साध्या घराघरांतून लागण पसरलीये आणि सुंता कमी आहे अशा पूर्व आणि दक्षिण आफ्रिकेतल्या देशांसाठी. आपल्याकडे मोठ्या माणसांत एचआयव्हीचं प्रमाण साधारण ०.२ टक्के, ते पण बरंचसं ठराविक गटांत, इथे सगळ्या पुरुषांना टेबलावर घेण्यात अर्थ नाही, टेस्ट आणि औषधं पोचवणं जास्त कामाचं. कातडी मागे सरत नसेल, वारंवार सूज येत असेल तर ती सुंता इथेही होतेच, त्यात लाजायचं काही नाही.

त्याला करायची असेल तर काय करायचं ते लिहून देते, हे त्याला पाठवा. आधी एचआयव्ही टेस्ट, कारण आधीच लागण असेल तर या ऑपरेशनने त्याच्या जोडीदाराला फायदा नाही. डायबिटीस किंवा रक्त लवकर न थांबण्याचा त्रास असेल तर डॉक्टरला आधीच सांगायचं. फक्त ती जागा बधिर करतात, अर्ध्या तासाच्या आसपासचं काम आहे. दोन दिवसांनी आणि आठवड्याने दाखवायला जायचंच. रक्त थांबेना, पू, ताप, लघवीला अडचण, तर रात्री पण निघायचं. आणि सहा आठवडे संबंध नाही म्हणजे नाही! हे मी जोर देऊन सांगतेय कारण जखम ओली असताना संबंध आले तर धोका उलट वाढतो, त्याचाही आणि तिचाही. लोक हेच मोडतात, दुखणं गेलं की बरं झालं समजतात.

म्हणून दिवाळीच्या तोंडावर करू नये असं माझं मत, करायची तर दोन अडीच महिने आधी नाहीतर लग्नाचं सगळं आटोपल्यावर निवांत. नाही केली तरी काही बिघडत नाही, कंडोम आणि टेस्ट आहेच.

सुरतच्या स्थळाचं म्हणाल तर सुंता झालीये की नाही हे पत्रिकेबरोबर सांगायची गोष्ट नाही, ते त्याने त्या मुलीला स्वतः सांगावं. पण एचआयव्ही टेस्ट दोघांची व्हावी, फक्त त्याची नाही आणि फक्त तिची तर मुळीच नाही. सरकारी आयसीटीसीत, म्हणजे एचआयव्हीच्या सल्ला आणि तपासणी केंद्रात फुकट होते, नाव बाहेर जात नाही, कुठे जायचं ते १०९७ या एचआयव्ही हेल्पलाइनला फोन करून विचारता येतं. तो आल्या आल्या एकदा करा आणि शेवटचा धोक्याचा संबंध तीन महिन्यांच्या आतला असेल तर तीन महिने भरल्यावर परत एकदा, साखरपुड्याची तारीख त्याप्रमाणे धरा. आणि ह्यांना सांगायचं का, ते मुलालाच विचारा, त्याने तुम्हाला विश्वासाने सांगितलंय.