बनगरवाडीतली तालीम आणि आपल्याकडचा कोयता

प्रश्न : मी पाटोदा तालुक्यातील (जि. बीड) विद्यार्थिनी असून बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला मराठी हा विषय घेतला आहे. व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘बनगरवाडी’वर मला टिपण लिहायचे आहे. या कादंबरीचा नायक मास्तर मानावा की गाव? तालीम आणि दुष्काळ यांना प्रतीके म्हणता येईल का?

उत्तर : १९५५ साली प्रसिद्ध झालेल्या या कादंबरीत राजाराम विठ्ठल सौंदणीकर हा तरुण मास्तर स्वतःच्या तोंडून हकिगत सांगतो, म्हणून तो नायक वाटतो; परंतु त्याच्या वाट्याला स्वतःची अशी कथा फारच थोडी आली आहे. कारभारी, आयबू, आनंदा रामोशी, दादू बालट्या, शेकू यांच्या हकिगती त्याच्यापाशी येऊन थांबतात आणि त्यांतून माणदेशातली ही धनगरांची वाडी आकार घेते. माझ्या मते नायकत्व वाडीकडेच जाते. तथापि मास्तरला केवळ साक्षीदार ठरवू नका, कारण परका म्हणून आलेला हा मुलगा हळूहळू लोकांचे अर्ज लिहिणारा, भांडणे ऐकणारा, त्यांच्या विश्वासाचा माणूस होतो आणि हा बदल लेखकाने कोठेही मोठ्याने सांगितलेला नाही.

तालमीविषयी लिहिताना आधी ती कथेत काय करते ते पाहावे. मास्तरच्या मनात आलेली ही इमारत धनगरांच्या श्रमांतून उभी राहते, संस्थानचे राजे स्वतः तिच्यासाठी वाडीवर येतात, आणि त्यानंतर पाऊस दगा देतो. अंगात बळ यावे म्हणून बांधलेली वास्तू उभी आहे आणि तिच्यात घुमणारी माणसे मात्र मेंढरे घेऊन ‘जगायला’ बाहेर पडली आहेत, हे चित्र डोळ्यांपुढे आले की तालीम प्रतीक कशी होते ते आपोआप उमगते. एकीने माणसे काय उभारू शकतात आणि ती एकी कोठे अपुरी पडते, या दोन्ही गोष्टी त्या भिंतींत आहेत. ‘तालीम म्हणजे प्रगती’ एवढेच लिहिल्यास दुसरी सुटते.

दुष्काळाला मात्र मी प्रतीक म्हणणार नाही. ज्यांच्या घरी १९७२ च्या दुष्काळी कामांच्या आठवणी अजून निघतात, त्या मराठवाड्यातील वाचकाने तरी पाण्याविना ओस पडणारी वाडी हा अलंकार समजू नये. तो या कथेतील सर्वांत कठोर व्यवहार आहे.

सर्वांत जास्त वेळ तुम्ही शेकूच्या प्रसंगाला द्यावा, असे मला मनापासून वाटते. दुसरा बैल नाही म्हणून त्याची बायको बैलाच्या जोडीला औताला खांदा लावते. माडगूळकर येथे हळहळीचे एकही विशेषण खर्ची घालत नाहीत, आणि त्यामुळेच तो प्रसंग मनातून जात नाही. तुमच्या भागातून दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला टोळ्या निघतात, तेव्हा नवरा-बायकोची जोडी मिळून ‘एक कोयता’ मोजला जातो आणि उचल, म्हणजे आगाऊ रक्कमही, त्याच हिशेबाने दिली जाते. माणदेशातले ते औत आणि हा कोयता शेजारी ठेवून शेकूच्या बायकोवर एक स्वतंत्र परिच्छेद लिहा. तिला दोन ओळींत उरकू नका.