तबकडी विखुरते, ओसरते की विरते?

प्रश्न असा आला आहे: तरुण ताऱ्यांभोवती वायू आणि धुळीची जी तबकडी असते, जिच्यातून ग्रह घडतात, ती कालांतराने नाहीशी होते. या नाहीसं होण्याला मराठीत ‘विखुरणे’ म्हणावं का?

माझं उत्तर: नको. ‘विरणे’ म्हणा.

मणी विखुरतात, कागद विखुरतात. वस्तू शाबूत राहते, फक्त इकडेतिकडे होते. ‘ओसरणे’ पुराचं, आणि पूर काठाकडून आत ओसरतो. तबकडी बहुधा आतून बाहेर रिकामी होत जाते. ‘निवळणे’ मला फार आवडतं, कारण गढूळ पाण्यातल्या गाळासारखी इथली धूळही मधल्या पातळीकडे बसत जाते. पण पाणी निवळलं तरी पाणी उरतं. इथे वजनाने सुमारे ९९ टक्के वायू असतो आणि तोही जातो.

आता विरलेली चादर आठवा. वर्षानुवर्षं वापरून ती पातळ होते, अंथरायला चालते, पण उजेडात धरली की पलीकडचं दिसतं. मग एक दिवस पिळताना टरकन फाटते, आणि तीही मधोमध. काठ धडच असतात. तबकडीचं नेमकं असंच होतं. कित्येक लाख वर्षं वायू हळूहळू ताऱ्यावर पडत राहतो, थोडा ग्रहांत जातो. ताऱ्याच्या अतिनील आणि क्ष-किरणांनी तापलेला वायू वाऱ्यासारखा अवकाशात निसटतो. ताऱ्याकडे येणारा ओघ या निसटण्यापेक्षा कमी झाला, की सूर्यासारख्या ताऱ्याभोवती पृथ्वी-सूर्य अंतराच्या एक-दोन पटींवर किंवा थोडं पुढे खिंडार पडतं. आतला भाग लाखभर वर्षांत ताऱ्यात रिता होतो, बाहेरच्या काठावर थेट किरण पडू लागतात आणि भोक वाढत जातं. बहुतेक तबकड्या १ कोटी वर्षांच्या आत अशा संपतात. टीडब्ल्यू हायड्री या सुमारे १ कोटी वर्षं वयाच्या ताऱ्याची अजून टिकून आहे, म्हणून तिचं एवढं अप्रूप.

या वायू निसटण्याला ‘प्रकाश-बाष्पीभवन’ लिहिलेलं खटकतं. बाष्प व्हायला आधी द्रव हवा. इथे मुळातच वायू आहे. अत्तर उडतं, कापूर उडतो, तसा ‘वायू उडून जातो’ म्हटलं तर शाळेतल्या मुलालाही कळेल. नामच हवं असेल तर ‘तबकडीचं विरणं’ पुरेसं आहे. ‘विलय’ टाळा, त्यात एकत्र मिसळण्याचा अर्थ डोकावतो.

एक ठिकाण मात्र सांभाळा. बीटा पिक्टोरिस सुमारे २ कोटी वर्षांचा आहे आणि त्याच्याभोवतीही धुळीची तबकडी दिसते. १९८४ मध्ये तिचं छायाचित्र मिळालं. ती जुन्या तबकडीचा उरलेला तुकडा नव्हे. लहानमोठे खडक आपटून नव्याने पडत असलेली ती धूळ आहे. तिला ‘विरलेली तबकडी’ म्हणू नका, ‘भुग्याची तबकडी’ म्हणा.