ऑर्डर फॉर्ममधील कोरा रकाना

कराडच्या एका वाचकांची उंची 6 फूट 4 इंच आहे. ते दर पंधरवड्याला पुण्यात येरवड्याच्या मैदानावर गोल्फ खेळायला जातात. पुण्यातल्याच एका दुकानातून त्यांनी धातूच्या पातळ डोक्याचे सात आयर्न व लांब फटक्यासाठीचा एक ड्रायव्हर असा क्लबचा, म्हणजे गोल्फच्या काठ्यांचा, संच आपल्या उंचीला जुळवून घेतला आणि त्यासाठी 1,84,000 रुपये मोजले. दुकानदाराने प्रत्येक शाफ्ट, म्हणजे क्लबची दांडी, दीड इंचाने वाढवून दिला. तेव्हापासून चेंडू सतत डावीकडे जातो, क्लबचे डोके हाताला जड लागते आणि आता उजवे कोपर दुखू लागले आहे. दुसऱ्या एका जाणकाराने मोजमाप करून अर्धा इंच वाढ पुरेशी होती असे सांगितले. दुकानदार मात्र ऑर्डर फॉर्मवरच्या छापील अटीवर बोट ठेवतो: "ग्राहकाच्या मापानुसार बनवलेला माल परत घेतला अथवा बदलून दिला जाणार नाही." त्याखाली वाचकांची सही आहे, आणि सही केल्यामुळे आपला हक्क संपला का, असे त्यांनी विचारले आहे.

वस्तू वेगळी असली तरी हा प्रश्न माझ्याकडे वारंवार येतो. ओट्याच्या उंचीला न जुळणाऱ्या किचन ट्रॉल्या, चालताना पायरी दुसरीकडेच दाखवणारा चष्मा, डॉक्टरांच्या चिठ्ठीवरून शिवलेले पण टाचेला घासणारे बूट, या सगळ्यांच्या पावतीवर हेच वाक्य छापलेले असते. म्हणून ग्राहक कोणाला म्हणावे, यात मी वेळ घालवत नाही. आपण ग्राहक आहात आणि संच स्वतःच्या खेळासाठी घेतला आहे, इतके पुरे.

सारे प्रकरण त्या अटीतल्या "ग्राहकाच्या मापानुसार" या दोन शब्दांवर उभे आहे. आपण सही करण्यापूर्वी ते वाचले नाहीत, आणि खेद वाटतो तो याचा की वाद उभा राहिल्यानंतरही फॉर्म नीट वाचला नाहीत. मी तो वाचला. त्यात चार रकाने आहेत: उंची, मनगटापासून जमिनीपर्यंतचे अंतर, पंजाचे माप आणि आपल्या जुन्या क्लबची लांबी. त्यांपैकी फक्त उंचीचा रकाना भरलेला आहे, उरलेले तीन कोरे आहेत. त्याखाली वेगळ्या हस्ताक्षरात "दीड इंच अधिक" असे लिहिले आहे, आणि बिलात "फिटिंग शुल्क" म्हणून 4,500 रुपयांची स्वतंत्र नोंद आहे. म्हणजे ग्राहकाने दिलेले माप एकच, ते म्हणजे उंची, आणि ते अचूक होते. त्या उंचीवरून शाफ्ट किती वाढवायचा हा निर्णय दुकानदाराचा होता आणि त्या निर्णयाचे पैसेही त्याने वेगळे घेतले. दुकानदाराला ज्या अटीचा आधार वाटतो, ती त्याने स्वतः घेतलेल्या निर्णयापर्यंत पोहोचतच नाही, असा माझा युक्तिवाद राहील.

मिरजेत जाऊन सतार बनवून घेणारा वादक आपली बैठक, हाताची ठेवण आणि वाजवण्याची पद्धत सांगतो. त्यावरून भोपळा कोणता निवडायचा आणि दांडीची लांबी-रुंदी किती ठेवायची हे कारागीर ठरवतो. उद्या पडदे बेसूर लागले, तर "तुमच्याच सांगण्यावरून बनवली" असे म्हणून कारागिराला सुटता येणार नाही. मालविक्री अधिनियम, 1930 च्या कलम 16(1) मध्ये हेच तत्त्व आहे: खरेदीदाराने वस्तू कशासाठी हवी हे विक्रेत्याला कळवले असेल, विक्रेत्याच्या कौशल्यावर तो विसंबून आहे हे त्यातून दिसत असेल आणि तशी वस्तू पुरवणे हा विक्रेत्याचा व्यवसायच असेल, तर ती वस्तू त्या कामासाठी योग्य असण्याची शर्त करारात न लिहिताही गृहीत धरली जाते. याच कलमाच्या परंतुकाचा, म्हणजे अपवाद सांगणाऱ्या भागाचा, आधार घेऊन दुकानदार म्हणेल की माल नामांकित कंपनीच्या नावाने विकला आहे, त्यामुळे ही शर्त लागू होत नाही. त्याला उत्तर असे की आपली तक्रार कंपनीच्या क्लबविषयी नाही, त्यात दुकानदाराने स्वतः केलेल्या बदलाविषयी आहे.

तो बदल चुकीचा का ठरतो, हे ग्राहक आयोगाला समजेल अशा भाषेत तक्रारीत लिहावे लागेल, कारण आयोगाच्या सदस्यांनी गोल्फचा क्लब हातात धरला असेलच असे नाही. उंच माणसाला लांब क्लब लागतो हे अर्धसत्य आहे. दोन माणसे सारख्याच उंचीची असली, तरी ज्याचे हात लांब त्याची मनगटे जमिनीच्या अधिक जवळ असतात आणि त्याला तुलनेने आखूड क्लब पुरतो. म्हणूनच सरळ उभे राहून, हात मोकळे सोडून, मनगटाच्या घडीपासून जमिनीपर्यंतचे अंतर मोजतात. आपले हे अंतर दुसऱ्या जाणकाराने 37 इंच मोजले आहे. दुकानदाराच्या स्वतःच्या फॉर्ममध्ये त्यासाठी रकाना होता, याचा अर्थ हे माप आवश्यक आहे हे त्याला ठाऊक होते, आणि तरीही त्याने ते घेतले नाही. निष्काळजीपणाचा याहून थेट पुरावा मला सापडला नसता.

वजनाचा मुद्दा दुसरा, आणि माझ्या मते तो अधिक बळकट आहे, कारण तो मोजून दाखवता येतो. क्लब फिरवताना डोके किती जड लागते हे स्विंग वेट या मापाने सांगतात. शाफ्ट अर्धा इंच वाढवला की हे माप सुमारे तीन अंकांनी चढते, म्हणजे दीड इंचाने सुमारे नऊ अंक. पुरुषांच्या संचात सामान्यपणे आढळणाऱ्या डी-2 पासून मोजले तर हिशेब ई-1 पर्यंत जातो, कारण डी-9 नंतर ई-0 येतो. तो खाली आणायचा तर डोके हलके घ्यावे लागते, आणि एका अंकासाठी डोक्यातले सुमारे दोन ग्रॅम कमी व्हावे लागतात. मुठीच्या बाजूला वजन भरूनही काट्यावरचा आकडा उतरतो, पण त्यामुळे क्लबचे एकूण वजन वाढते. दुकानदाराने मुठीकडच्या टोकाला जोड देऊन शाफ्ट वाढवले आणि डोक्याला हात लावला नाही. दुसऱ्या जाणकाराच्या काट्यावर आपला पाच नंबरचा आयर्न ई-0 दाखवतो, आणि जोडाचे स्वतःचे थोडे वजन मुठीकडे आल्यामुळे एक अंक कमी दिसणे या हिशेबाशी जुळते. शाफ्ट लांब झाल्याने चेंडूमागे क्लब टेकवताना शाफ्टचा जमिनीशी होणारा कोनही बदलतो. अर्ध्या इंचाला साधारण एक अंश धरतात. क्लब गरजेपेक्षा उभा राहिला की त्याची टाच, म्हणजे डोक्याचा शाफ्टकडचा भाग, आधी जमिनीला लागते, आणि उजव्या हाताने खेळणाऱ्याचा चेंडू डावीकडे जातो. आपले चेंडू कोठे जातात, हे आपणच लिहिले आहे.

कोपराच्या दुखण्याविषयी मी सावध राहीन. डॉक्टरांच्या कागदावर कारणाचा उल्लेख असेल तरच तो मुद्दा घ्यावा, नाहीतर दुकानदाराच्या वकिलांना आपले वय आणि आपला व्यवसाय यांवर बोलायला वाव मिळेल. ड्रायव्हरचेही तसेच. दीड इंच वाढल्यावर तो 47 इंचांचा झाला असेल, तरी गोल्फच्या नियमांतील कमाल लांबी 48 इंच आहे. 2022 पासून काही स्पर्धांत स्थानिक नियम म्हणून 46 इंचांची मर्यादा घातली जाते, पण आपण अशा स्पर्धा खेळत असल्याचे पत्रात म्हटलेले नाही. तो मुद्दा तक्रारीत घुसडून मूळ मुद्दा पातळ करू नये.

आता आपल्या हातून झालेल्या दोन चुकांकडे येतो. पहिली चूक अशी की आपण तीन आयर्न एका कारखान्यात नेऊन मुठीकडून कापून घेतले. ते तीन क्लब पुरावा म्हणून संपले. दुकानदार म्हणेल की मूळ स्थितीत काय होते हे आता कोणी सांगू शकत नाही, आणि त्या तिघांपुरते ते खोटे असणार नाही. उरलेल्या पाच क्लबांना कृपा करून हात लावू नका, त्यांची ग्रिपसुद्धा बदलू नका. क्लब ताब्यात ठेवून दीर्घकाळ वापरल्याने माल स्वीकारला असे मालविक्री अधिनियमाच्या कलम 42 खाली मानले जाऊ शकते, आणि तसे झाल्यास संपूर्ण रक्कम परत मागणे अवघड होऊन नुकसानभरपाईचा मार्ग उरतो. म्हणून मुख्य मागणी संच दुरुस्त करून देण्याची किंवा दुरुस्तीचा खर्च, फिटिंग शुल्काचा परतावा आणि भरपाई अशी ठेवावी. संपूर्ण परतावा पर्यायी मागणी म्हणून मागावा. तो मिळेलच असे मी सांगणार नाही.

दुसरी चूक अधिक गंभीर आहे. क्लब ताब्यात येऊन वीस महिने झाले. पाचव्या आठवड्यात आपण "फार जड लागतात" असा संदेश पाठवला आणि दुकानदाराने "सवय होईल, थोडे दिवस खेळून पाहा" असे उत्तर दिले. हा संदेश आपल्या बाजूचा सर्वांत चांगला कागद आहे, कारण आपण वाजवी वेळेत तक्रार केली आणि दुकानदाराने ती टोलवली, हे त्यावरून दिसते. पण त्यानंतर आपण वर्षभर फोन करत बसलात, ग्राहक हेल्पलाइनवर नोंद केलीत आणि तिच्या उत्तराची वाट पाहिलीत. ग्राहक संरक्षण अधिनियम, 2019 च्या कलम 69 नुसार तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांत तक्रार दाखल व्हावी लागते. फोन, पत्रव्यवहार किंवा हेल्पलाइनवरील नोंद यांनी ही मुदत वाढते, असे समजू नका. विलंब माफीचा अर्ज करता येतो, पण त्यासाठी पुरेसे कारण दाखवावे लागते, आणि "दुकानदार आज-उद्या म्हणत होता" हे कारण पुरेसे ठरेल याची खात्री देता येत नाही. आपल्या हातात चार महिने आहेत. मी पहिल्या तक्रारीच्या तारखेपासून न मोजता क्लब ताब्यात आल्याच्या तारखेपासून मोजतो आहे, आणि आपणही तसेच मोजावे.

तक्रार साताऱ्याच्या जिल्हा ग्राहक आयोगात करता येईल. तक्रारदार राहतो त्या जिल्ह्यातील आयोगाला कलम 34 खाली अधिकार आहे, त्यामुळे पावतीवर "पुणे न्यायक्षेत्र" छापले असले तरी पुण्याला खेटे घालण्याची गरज दिसत नाही. मोबदला, म्हणजे मालासाठी मोजलेली रक्कम, 5 लाखांपर्यंत असेल तर शुल्क लागत नाही आणि ई-जागृती या संकेतस्थळावरून घरबसल्या दाखल करता येते. सोबत ऑर्डर फॉर्मची संपूर्ण प्रत, बिल, दुसऱ्या जाणकाराचे मोजमापांसह शपथपत्र, आणि संदेशांच्या प्रती भारतीय साक्ष्य अधिनियम, 2023 च्या कलम 63 खालील इलेक्ट्रॉनिक पुराव्याच्या प्रमाणपत्रासह जोडावीत. शपथपत्रात पाचही क्लबांची लांबी, वजन आणि स्विंग वेट यांचे आकडे स्वतंत्रपणे यावेत. "जड आहे" हे मत आयोगापुढे टिकणार नाही, आकडा टिकेल.

किती दिवस लागतील हे विचारू नका. कायद्यात विरुद्ध पक्षाला आयोगाची नोटीस मिळाल्यापासून निकालासाठी तीन महिने, आणि मालाची तपासणी लागली तर पाच महिने अशी मुदत आहे. ती पाळली गेल्याचे मी माझ्या कामात क्वचितच पाहिले, आणि याचा मला राग येतो, कारण ज्याची तक्रार खरी असते तोच तारखांना कंटाळून तडजोड करतो. एक गोष्ट मात्र आपल्या बाजूने आहे. विरुद्ध पक्षाला म्हणणे मांडण्यासाठी 30 दिवस आणि वाढीव 15 दिवस मिळतात, त्याहून अधिक मुदत आयोग देऊ शकत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने 4 मार्च 2020 रोजी सांगितले आहे. शेहेचाळिसाव्या दिवशी दुकानदाराचे वकील मुदत मागू लागले, तर तो निकाल दाखवून विरोध नोंदवावा आणि तो रोजनाम्यात, म्हणजे आयोगाच्या दैनंदिन नोंदीत, येईल असे पाहावे. आयोगाने मध्यस्थीसाठी विचारले तर नकार देऊ नका. दोन दिवसांचे काम करून दुकानदार शाफ्ट आणि वजन नीट करून देणार असेल, तर तीन वर्षांच्या निकालापेक्षा ते आपल्या कोपराला अधिक मानवेल. मात्र मध्यस्थी चालू आहे म्हणून तक्रार दाखल करणे लांबवू नये. आधी दाखल करावी, मग बोलावे.

दुकानदाराला आपली नोटीस याच आठवड्यात नोंदणीसह स्पीड पोस्टने जाऊ द्या आणि उत्तरासाठी पंधरा दिवस द्या. तिच्यात एकच प्रश्न ठळकपणे विचारा: मनगटापासून जमिनीपर्यंतच्या अंतराचा रकाना कोरा असताना दीड इंच हा आकडा कोणी आणि कोणत्या मापावरून ठरवला? उत्तर आले किंवा आले नाही, तरी सोळाव्या दिवशी तक्रार दाखल व्हायला हवी.