२,१४,७४,८३,६४७ ची गोष्ट : वाचकांचे प्रश्न

एका जुन्या गेममध्ये माझी नाणी २,१४,७४,८३,६४७ वर अडकली, पुढे वाढेचनात. हीच संख्या का?

२ चा ३१ वा घात घ्या, त्यातून १ वजा करा, की हीच संख्या मिळते. जुने गेम संख्या ३२ बिटांत, म्हणजे ० किंवा १ च्या ३२ जागांत साठवत; त्यांपैकी एक बिट अधिक-उणे चिन्हात जातो. उरलेल्या ३१ मध्ये यापेक्षा मोठे काही मावत नाही. ती मूळ संख्याही आहे, म्हणजे १ आणि ती स्वतः सोडून तिला कशानेही भाग जात नाही, पण संगणकाच्या दृष्टीने हा निव्वळ योगायोग. ६४ बिटांची अशीच हद्द घेतली, तर तिला ७ ने बिनबोभाट भाग जातो.

ती मूळ असल्याचे गणितज्ञ ऑयलरने १७७२ मध्ये सिद्ध केले म्हणतात. कॅल्क्युलेटर नसताना कसे?

हा प्रश्न माझ्या आवडीचा. तिला विभाजक असलाच, तर एक तरी तिच्या वर्गमूळाच्या आत सापडायला हवा. ते वर्गमूळ ४६,३४० च्या किंचित पुढे. तिथपर्यंत पावणेपाच हजारांहून जास्त मूळ संख्या आहेत. प्रत्येकीने भागत बसायचे म्हणजे जन्म गेला असता. त्यातून ऑयलरची दृष्टी तेव्हा जवळजवळ गेलेली. त्याने भागाकार करण्याआधी उमेदवारच चाळून काढले.

समजा, एखादी मूळ संख्या हिची विभाजक आहे. मग गणितज्ञ फर्माच्या, मूळ संख्यांविषयीच्या ‘छोट्या प्रमेया’वरून तिला ६२ ने भागल्यावर बाकी १ च उरली पाहिजे. शिवाय ८ ने भागल्यावर बाकी १ किंवा ७ हवी. दोन्ही अटी एकत्र केल्या, की २४८ ने भागून बाकी १ किंवा ६३ येणाऱ्या संख्याच शिल्लक राहतात. पहिली मूळ उमेदवार ३११, तिच्यानंतर थेट १३०३! वर्गमूळापर्यंत अशा एकूण ८४ च. एकीनेही भाग गेला नाही. मला तर यात भागाकारांपेक्षा चाळणीच सुंदर वाटते.

म्हणजे २ चा घातांक मूळ असला, की १ वजा करून येणारे उत्तर मूळच असणार?

नाही हो. घातांक ११ घेऊन पाहा : २ चा ११ वा घात उणे १, म्हणजे २०४७ = २३ × ८९. अशा मूळ संख्या ज्याच्या नावाने ओळखल्या जातात, त्या खुद्द मर्सेनने १६४४ मध्ये दिलेल्या घातांकांच्या यादीत ६७ आणि २५७ हे घातांक चुकीचे होते. उलट दिशेने मात्र नियम पक्का : उत्तर मूळ असेल, तर घातांक मूळच असतो.

एवढ्या खटाटोपाचा उपयोग काय?

१८११ मध्ये गणितज्ञ पीटर बार्लो यांनाही असेच वाटले होते. या संख्येला २ च्या ३० व्या घाताने गुणले की परिपूर्ण संख्या मिळते, म्हणजे स्वतःखेरीज सर्व विभाजकांची बेरीज तिच्याएवढीच. याहून मोठी परिपूर्ण संख्या बहुधा कोणी शोधणारच नाही, कारण या नुसत्या गमतीच्या, बिनकामाच्या, असे त्यांचे मत. आज अशा मूळ संख्यांचा शोध २ च्या १३,६२,७९,८४१ या घातांकापर्यंत पोहोचला आहे.

आणि बिनकामाची म्हणाल, तर हिच्याच जोरावर संगणक कित्येक वर्षे यादृच्छिक वाटणारे आकडे काढत आला. एखादा आकडा घ्या, १६,८०७ ने गुणा, या संख्येने भागा, बाकी उचला, पुन्हा तेच. १६,८०७ म्हणजे ७ चा ५ वा घात. तो निवडल्यामुळे शून्य सोडून प्रत्येक बाकी एकदा येऊन गेल्याशिवाय पहिला आकडा परतत नाही. भाजक मूळ नसता, तर एवढी लांब फेरी या पद्धतीने शक्यच नव्हती.