उजवीकडची गोटी (वृषण) लहानपणापासून खाली नाही. लग्नाआधी तपासू की नंतर?

वय २७, त्रास काही नाही, लग्न ठरलंय आणि घरी सांगायला संकोच वाटतो, असं तुम्ही लिहिलंय. माझं स्पष्ट मत आहे की लग्नाआधीच तपासून घ्या. त्रास नसणं इथे फसवं असतं. वर अडकलेलं वृषणसुद्धा पुरुषी हार्मोन बऱ्यापैकी बनवतं, त्यामुळे दाढी, आवाज, ताठरता सगळं ठीक राहतं. बिघडतं ते शुक्राणूंचं काम. त्याला पोटापेक्षा २ ते ४ अंश थंडावा लागतो आणि तो खालच्या, वृषणाच्या पिशवीतच मिळतो.

गरम पाण्याने आंघोळ केल्यावर उकिडवं बसून चाचपून बघा. गोटी खाली येऊन तिथेच थांबत असेल, तर ती फक्त वर-खाली होणारी असू शकते. जांघेत जुना टाका दिसला तर आईला विचारा, लहानपणी ऑपरेशन झालं असेल.

मग युरोलॉजिस्टकडे (मूत्रमार्ग आणि पुरुषांच्या जननेंद्रियांचे डॉक्टर) जा. नागपुरात असाल तर सरकारी मेडिकल कॉलेजचं सुपर स्पेशालिटी किंवा मिहानचं एम्स आहे, खासगीत धंतोली-रामदासपेठ. सोनोग्राफी पिशवी आणि जांघ दोन्हींची लिहून घ्या. नुसत्या पोटाच्या सोनोग्राफीत हे कुणी शोधत नाही. त्यात दिसलं नाही म्हणजे वृषणच नाही, असं समजू नका. पोटात खोल असेल तर पोटात दुर्बीण घालून बघितल्यावरच खात्री होते. वीर्यतपासणीला २ ते ७ दिवसांचा संयम पाळा आणि नमुना शक्यतो लॅबमध्येच द्या. गाठ दिसली तर एएफपी, बीटा एचसीजी, एलडीएच या कॅन्सरचा अंदाज देणाऱ्या रक्ततपासण्या लागतात.

दुसरी बाजू चांगली असेल तर या वयात वरचं वृषण काढण्याचा सल्ला बहुधा मिळतो. ऐकून धक्का बसतो, पण शुक्राणूंसाठी त्याचा उपयोग जवळपास संपलेला असतो आणि कॅन्सरचा धोका मात्र राहतो. २००७ सालच्या स्वीडनमधल्या अभ्यासात, वयाच्या १३ वर्षांआधी वृषण खाली आणायचं ऑपरेशन झालेल्यांत हा धोका इतर पुरुषांच्या सुमारे दुप्पट, तर त्यानंतर झालेल्यांत पाचपटीहून जास्त आढळला. मुळात हा कॅन्सर दुर्मीळ आहे, म्हणून घाबरू नका. पण पोटातली गाठ हाताला लागत नाही, ती उशिरा कळते. खाली आणून बसवलं तरी धोका पूर्ण जात नाही, चाचपता येतं एवढाच फायदा. तेव्हा दर महिन्याला दोन्ही बाजू तपासत राहा. एका चांगल्या वृषणावर मूल होतं. शुक्राणूंची संख्या कमी असेल तर ऑपरेशनआधी वीर्य गोठवून ठेवा.

दोन्ही वर असतील तर गोष्ट वेगळी. दोन्ही काढली की आयुष्यभर टेस्टोस्टेरॉन घ्यावं लागतं, म्हणून तिथे घाई नको.

त्या बाजूच्या जांघेत किंवा पोटात अचानक जोराची कळ आणि उलटी आली, तर वृषणाला पीळ पडलेला असू शकतो. ते वाचवायला हातात साधारण ६ तास असतात. हर्निया किंवा अपेंडिक्स समजून वेळ जातो, म्हणून कॅज्युअल्टीत पहिलं वाक्य हेच सांगा: "या बाजूचं वृषण खाली उतरलेलं नाही."

घरात तान्हा मुलगा असेल तर १४ आठवड्यांच्या लसीच्या वेळी डॉक्टरांना दोन्ही बाजू बघायला सांगा. ६ महिन्यांपर्यंत उतरलं नाही तर पुढे आपोआप उतरणं कठीण. ऑपरेशन दीड वर्षाच्या आत व्हायला हवं.