दशांश दिला नाही तर खरंच शाप लागतो का? आणि तो ग्रॉसवर द्यायचा की नेटवर?

जय ख्रिस्त भाऊ. तुम्ही लिहिलंय की तुमचे पास्टर दर रविवारी बायबलमधल्या मलाखीच्या पुस्तकाचा तिसरा अध्याय उघडतात आणि सांगतात की पगाराचे दहा टक्के दिले नाहीत तर घरावर शाप येतो, आणि इकडे होमलोनचा हप्ता, आईचं डायलिसिस, मग द्यायचं कशातून. मी पाळक नाही, थिऑलॉजी शिकलेलो नाही, नगर जिल्ह्यातल्या एका जुन्या मंडळीत काही वर्षं खजिनदार होतो एवढंच, म्हणजे पैसा येतो कसा आणि जातो कुठे हे जवळून बघितलंय.

आधी सरळ उत्तर. मंडळीला द्यायला हवं, हो. पण शापाच्या धाकानं दहा टक्के वसूल करणं हे नव्या करारात, म्हणजे बायबलच्या येशूपासून पुढच्या भागात, कुठेही नाही.

आता मलाखी. तिथे दशांश भांडारात आणा म्हटलंय आणि शापाचंही म्हटलंय, खोटं नाही. पण तो दशांश होता कशाचा तर शेतातल्या धान्याचा, फळांचा, गुराढोरांचा, आणि तो लेव्यांसाठी, म्हणजे मंदिराची सेवा करणाऱ्या वंशासाठी होता कारण त्यांच्या वाट्याला जमीनच दिलेली नव्हती. लोकांनी देणं थांबवलं की हे लेवी मंदिराची सेवा सोडून पोटासाठी शेतावर निघून जायचे, नहेम्याच्या तेराव्या अध्यायात अगदी हेच लिहिलंय. त्यामुळे ग्रॉस की नेट याचं उत्तर मोशेच्या नियमशास्त्रात शोधू नका, तिथे सॅलरी स्लिपच नाही. उलट बायबलमधल्या अनुवाद नावाच्या पुस्तकाचा 14वा अध्याय वाचा, त्यात दशांशाचा माल घेऊन कुटुंबासकट देवासमोर बसून जेवायचं सांगितलंय, ठिकाण लांब असेल तर माल विकून पैसे न्या आणि तिथे मनाला येईल ते घेऊन खा-प्या आणि आनंद करा, आणि दर तिसऱ्या वर्षी तो गावातल्या लेव्याला, परक्याला, अनाथाला, विधवेला. या अध्यायावर संदेश दिलेला मी तरी ऐकला नाही. आणि लेव्यांनाही मिळालेल्या दशांशातून दशांश काढावा लागायचा (गणना 18), म्हणजे पास्टरसाहेबांनाही सूट नाही.

बरं, मलाखीचाच तिसरा अध्याय, पाच वचनं आधी, देव म्हणतो की मजुराची मजुरी बुडवणाऱ्यांविरुद्ध, विधवा-अनाथांना छळणाऱ्यांविरुद्ध मी साक्ष देईन. ते पाचवं वचन वगळायचं आणि दहावं तेवढं भिंतीवर लावायचं, हे काही बरोबर नाही. गरीब विधवेनं दानपेटीत टाकलेल्या दोन टोल्यांचंही (अगदी लहान नाण्यांचंही) तसंच, मार्क 12 मध्ये तिचं कौतुक आहेच पण त्याच्या आधीच प्रभू विधवांची घरं गिळणाऱ्या शास्त्र्यांबद्दल बोललाय.

नव्या करारात प्रेषित पौलाचं म्हणणं जास्त साधं आहे. ज्यानं त्यानं मनात ठरवून द्यावं, कुरकुरत नाही आणि भाग पडलं म्हणूनही नाही (2 करिंथ 9). त्याच्या आधीच्या अध्यायात तर असंय की जवळ जे आहे त्याप्रमाणे दिलेलं मान्य होतं, नाही त्याप्रमाणे नाही. तुमच्या हप्त्याचं उत्तर इथे आहे. आणि आईच्या औषधाचं मार्क 7 मध्ये, देवाला अर्पण केलंय असं सांगून आईबापांना वाऱ्यावर सोडणाऱ्यांना येशूनं चांगलंच सुनावलंय. शापाचं म्हणाल तर गलती 3:13 पास्टरना दाखवा, ख्रिस्तानं आपल्याला नियमशास्त्राच्या शापातून सोडवलंय.

पण हे वाचून देणंच बंद करू नका, कारण दुसरी बाजूही आहे. पाळकाला पोट आहे, मुलांची फी आहे, चर्चचं लाईट बिल आहे, छप्पर पावसाळ्यात गळतं. सुवार्ता सांगणाऱ्यानं सुवार्तेवर जगावं हेही पौलच म्हणतो, स्वतः तंबू शिवून जगला तरी. आमच्याकडे तर हा प्रश्न फार जुना, 1854-55 मध्ये अमेरिकन बोर्ड या मिशनरी संस्थेचे सेक्रेटरी रूफस अँडरसन बोस्टनहून नगरला आले होते, त्यांचा आग्रह हाच की इथल्या मंडळ्यांनी आपले पाळक स्वतः नेमावेत आणि स्वतः पोसावेत. 1917 मध्ये रेव्ह. ना. वा. टिळकांनी मिशनची पगारी नोकरी सोडली त्यामागेही बाहेरच्या पैशावर उभ्या ख्रिस्ती समाजाबद्दलची अस्वस्थता होतीच. माझं मत विचाराल तर बाहेरून येणाऱ्या पैशाची सवय आमच्या कितीतरी मंडळ्यांची अजून सुटलेली नाही, महिन्याची वर्गणी पन्नास रुपये आणि मुलाच्या लग्नात डीजे लाखाचा.

लोक मनापासून देतात ते बघायचं असेल तर खेड्यातल्या मंडळीत कापणीच्या सणाला या. वेदीपुढे बाजरीची पोती, मेथीच्या जुड्या, अंड्यांचे ट्रे, पाय बांधलेली गावरान कोंबडी उपासनाभर मधूनच ओरडत असते. उपासना संपली की अंगणात लिलाव. एक भोपळा बाजारात पन्नासला मिळेल तो चारशे एक वार, चारशे दोन वार करत पाचशेला जातो आणि घेणारा पैसे भरून म्हणतो ठेवा परत, की पुन्हा बोली सुरू. एकाच भोपळ्यावर तीन-तीनदा पैसे जमतात, कुणी कुणाला शाप दाखवत नाही. आणि ज्या आजीनं तो भोपळा परसातून आणलेला असतो ती कोपऱ्यात बसून बघत असते.

कॅथलिकांकडे विचाराल तर तिथेही चर्चच्या गरजांना हातभार लावणं हे कर्तव्य धरलंय पण ज्याच्या त्याच्या ऐपतीप्रमाणे, ठरलेला टक्का नाही. जर्मनीत मात्र सरकारच चर्चसाठी टॅक्स कापतं, इन्कम टॅक्सच्या आठ किंवा नऊ टक्के, आणि तो नको असेल तर ऑफिसात जाऊन चर्च सोडल्याची नोंद करावी लागते.

तर तुम्ही काय करा, वहिनींबरोबर बसून हप्ता, किराणा, आईचं डायलिसिस काढून बघा आणि मग जी रक्कम वाटेल ती ठरवा, दोन टक्के असो की दोनशे रुपये, पण ठरवली की दर महिन्याला द्या. कर्ज फिटल्यावर दहाच्या पुढेही जा, कुणी अडवलेलं नाही. काही दान मंडळीच्या बाहेरच्या गरजूलाही द्या, त्याची पावती लागत नाही.

आणि हिशोब मागा. पौल यरुशलेमच्या गरिबांसाठी जमवलेले पैसे एकट्यानं नेत नव्हता, कुणी बोट दाखवू नये म्हणून मंडळ्यांनी नेमलेली माणसं बरोबर घेत होता. आमच्याकडेही थैली उपासना संपल्याबरोबर दोघांसमोर मोजायची आणि दोघांच्या सह्या, हा नियम. चर्चचा ट्रस्ट धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेला असेल तर हिशोब ऑडिट करून तिथे द्यावाच लागतो, त्यामुळे वार्षिक सभेत कॉपी मागितली तर त्यात काही पाप नाही. काही जण यावर लगेच 'माझ्या अभिषिक्ताला (देवानं निवडलेल्या माणसाला) हात लावू नका' हे वचन ऐकवतात. ते स्तोत्र 105 मध्ये आहे, अब्राहाम-इसहाक-याकोब परक्या मुलखात फिरत होते तेव्हा राजांनी त्यांना त्रास देऊ नये म्हणून, खजिनदाराला पावतीपुस्तक विचारू नये म्हणून नाही.